केस विरळ होत आहेत? आहार आणि हळुवार निगेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केस विरळ दिसू लागले की पहिली घाई होते ती तेल आणि शाम्पू बदलण्याची. पण आज कंगव्यात आलेल्या केसाचं कारण बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांपूर्वी घडून गेलेलं असतं आणि आज सुरू केलेल्या उपायाचं फळही तितक्याच उशिरा दिसतं. हे वेळापत्रक लक्षात न घेतल्यामुळे माणसं चांगले उपाय अर्ध्यावर सोडतात आणि निरुपयोगी उपायांना श्रेय देतात. म्हणून पुढच्या बऱ्याच उत्तरांत महिन्यांचा हिशोब पुन्हा पुन्हा येईल.

रोज किती केस गळणं स्वाभाविक आहे?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले रोज ५० ते १०० गळतात. रोज मोजत बसू नका, त्यातून काळजीच वाढते. तीन दिवसांनी केस धुतले तर तीन दिवसांचे सुटलेले केस एकदम हातात येतात आणि पुंजका मोठा दिसतो. आकड्यापेक्षा स्वतःच्या नेहमीच्या प्रमाणाशी तुलना करा. उशीवर, कंगव्यात, न्हाणीघराच्या जाळीवर नेहमीपेक्षा स्पष्टपणे जास्त केस काही आठवडे सतत दिसत असतील, तर लक्ष द्यायला हवं.

केस गळणं, विरळ होणं आणि तुटणं यांत फरक काय?

उपाय कोणता करायचा हे या फरकावर ठरतं, त्यामुळे इथे थोडा वेळ द्या.

गळालेला केस पूर्ण लांबीचा असतो आणि त्याच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ दिसते. असे केस अचानक, डोक्याच्या सगळ्या भागांतून जास्त येऊ लागले तर शरीरावर मागे कधीतरी ताण पडलेला असण्याची शक्यता मोठी असते: ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, उपासमार, काही औषधं.

विरळ होणं हळूहळू होतं. कंगव्यात फारसे केस येत नाहीत, पण भांग रुंद होत जातो, वेणी बारीक होते, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकतात किंवा टाळूवर त्वचा दिसू लागते. बहुतेकांत हा आनुवंशिक विरळपणा असतो. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे संवेदनशील मुळं आक्रसत जातात आणि प्रत्येक नव्या फेरीत केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. स्त्रियांमध्ये पुढची केसरेषा बहुधा टिकते आणि भांगाच्या आजूबाजूची जागा उघडी पडते. हा वारसा आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो.

तुटलेले केस आखूड तुकड्यांत मिळतात, त्यांना गाठ नसते. मूळ शाबूत असतं, फक्त दांडा तुटतो. उष्णता, रासायनिक प्रक्रिया, ओल्या केसांशी झटापट ही त्याची नेहमीची कारणं. इथे आहारापेक्षा हाताळणी सुधारण्याचा फायदा लवकर दिसतो.

या तीन गोष्टी एकाच डोक्यावर एकत्रही असू शकतात. आनुवंशिक विरळपणा वर्षानुवर्षं लक्षात आलेला नसतो आणि एखाद्या आजारानंतर भरपूर केस गळाले की तो एकदम उघडा पडतो, असं पुष्कळदा होतं.

गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरी गाठ दिसते. म्हणजे मूळच उपटून आलं का?

नाही. ती विश्रांतीच्या टप्प्यातल्या केसाची नैसर्गिक गाठ आहे. केस तयार करणारं मूळ त्वचेत तसंच राहतं आणि पुढे नवा केस उगवतो.

मला ताप येऊन तीन महिने झाले. तेव्हा केस ठीक होते, आता का गळत आहेत?

प्रत्येक केस तीन टप्प्यांतून जातो. वाढीचा टप्पा दोन ते सहा वर्षं चालतो आणि या काळात केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणाचा टप्पा येतो. त्यानंतर सुमारे तीन महिने केस विश्रांती घेतो आणि शेवटी गळतो. कुठल्याही वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या टप्प्यात असतात, म्हणूनच सगळे एकदम गळत नाहीत.

जोराचा ताप, मोठी शस्त्रक्रिया, खूप रक्तस्राव किंवा अन्नाची तीव्र टंचाई झाली की शरीर आपली शक्ती जगण्यासाठी अत्यावश्यक अवयवांकडे वळवतं. पुष्कळ केस वेळेआधीच वाढ थांबवून विश्रांतीत जातात आणि मग दोन-तीन महिन्यांनी ते एकत्रच गळू लागतात. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष नव्या शाम्पूवर किंवा पाण्यावर जातो. डेंग्यू आणि कोविडनंतर असंख्य लोकांनी हाच अनुभव घेतला.

दिलासा देणारी गोष्ट अशी की मूळ कारण संपलं असेल तर हे गळणं साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबतं आणि केस परत येतात. मात्र महिन्याला एक सेंटीमीटर या वेगानं खांद्यापर्यंत पोचायला त्यांना दोन-अडीच वर्षं लागतात. कपाळाजवळ आखूड, ताठ, नवे केस दिसू लागले की समजा, गाडी रुळावर येते आहे.

बाळंतपणानंतर मूठभर केस जात आहेत. दूध पाजल्यामुळे होतंय का?

कारण संप्रेरकांचं आहे. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असल्यामुळे केस जास्त काळ वाढीच्या टप्प्यात राहतात आणि दाट वाटतात. प्रसूतीनंतर ते प्रमाण झपाट्यानं उतरतं आणि थांबलेले केस एकदम सुटतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमाराला गळणं सर्वाधिक असतं आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. या भीतीपोटी दूध तोडू नका. मात्र प्रसूतीत रक्त जास्त गेलं असेल, थकवा कमी होत नसेल किंवा वर्ष उलटूनही गळणं चालू असेल, तर लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. थायरॉइडचे त्रास बाळंतपणानंतर सुरू झालेले आढळतात आणि ते थकव्याच्या नावाखाली सहज दुर्लक्षित राहतात.

नुसत्या आहारानं केस परत येतात का?

कमतरता असेल तर ती भरून काढल्यावर येतात. कमतरता नसेल तर जास्तीचं खाऊन किंवा गोळ्या घेऊन केस जास्त दाट होत नाहीत. आनुवंशिक विरळपणा आहारानं थांबत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं, कारण या आशेवर माणसं उपचाराची मोलाची वर्षं गमावतात. तरीही आहाराकडे बघायलाच हवं. मूळ कारण कोणतंही असो, लोह किंवा प्रथिनं कमी पडत असतील तर परिस्थिती आणखी बिघडते.

प्रथिनं किती लागतात?

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ४८ ग्रॅम. अंदाजासाठी: एका अंड्यात सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरांत नऊ ग्रॅम. मांस-मासे न खाणाऱ्यांनी प्रत्येक जेवणात डाळ, कडधान्य, सोयाबीन किंवा दुधाचा एखादा पदार्थ ठेवला, तर हा आकडा अवघड नाही. अडचण येते ती जेवणं टाळणाऱ्यांची आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्यांची. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

हिमोग्लोबिन बरोबर आहे, तरी लोह कमी असू शकतं का?

हो, आणि हा मुद्दा फार वेळा निसटतो. शरीरातलं साठवलेलं लोह आधी संपतं, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. त्यामुळे हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही साठा रिकामा असू शकतो. साठा कळण्यासाठी फेरिटिन ही रक्तचाचणी करतात. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढात लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी फेरिटिनला लोहाची कमतरता मानते. केसांसाठी मात्र अनेक त्वचारोगतज्ज्ञ ते ४० किंवा त्याहून वर असावं असं पाहतात. नेमका आकडा किती यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण २० फेरिटिन, जास्त रक्तस्रावाची पाळी आणि सतत गळणारे केस हे तिन्ही एकत्र असतील तर "रिपोर्ट नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. आणखी एक: शरीरात दाह किंवा संसर्ग असताना फेरिटिन फुगलेलं दिसतं. त्यामुळे तापात केलेल्या चाचणीवर विसंबू नका.

आहारातून लोह घ्यायचं तर मांस, मासे आणि अंडी यांशिवाय डाळी, कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या, तीळ, भोपळ्याच्या बिया हे सगळं उपयोगी आहे. वनस्पतींमधलं लोह कमी शोषलं जातं, पण त्याच जेवणात लिंबू, टोमॅटो, पेरू असं क जीवनसत्त्व देणारं काही असेल तर शोषण चांगलं वाढतं. उलट जेवणाबरोबरचा चहा-कॉफीचा कप ते अडवतो, म्हणून त्यात तासाभराचं अंतर ठेवा.

रिकामा साठा मात्र नुसत्या जेवणानं भरायला फार वेळ लागतो, तिथे गोळ्या लागतात. त्या चाचणीशिवाय स्वतःहून सुरू करू नका. जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही आणि ते यकृतात, हृदयात साचू शकतं. गोळ्या घरात असतील तर मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, लहान मुलांना लोहाची विषबाधा जिवावर बेतू शकते.

ब-१२, ड जीवनसत्त्व आणि जस्त यांचं काय?

ब-१२ नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य अन्नातूनच मिळतं. दूधही न घेणाऱ्यांना पूरक मात्रा किंवा ब-१२ मिसळलेलं अन्न घ्यावंच लागतं. ड जीवनसत्त्व कमी असणं आणि केस गळणं यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसतो, पण ते दिल्यानं केस परत येतातच असं म्हणता येत नाही. तरी कमतरता असेल तर हाडांसाठी ती भरून काढायलाच हवी. जस्ताची मोठी कमतरता केस गाळते. पण दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर जस्त दीर्घकाळ घेतलं तर तांब्याचं शोषण अडतं आणि त्यातून रक्ताचे प्रश्न उभे राहतात.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घ्याव्यात का?

बहुतेकांना गरज नाही. बायोटिनची खरी कमतरता दुर्मिळ आहे. प्रौढाला रोज सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरतं आणि ते अंडी, दाणे, बिया, धान्यांतून मिळून जातं. केसांच्या गोळ्यांत मात्र पाच-दहा हजार मायक्रोग्रॅम सर्रास असतं.

यात एक धोका आहे, तो घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जास्त मात्रेतलं बायोटिन काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकवतं. थायरॉइडच्या चाचण्या त्यात येतात, आणि हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची चाचणीसुद्धा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला सांगा. ती किती दिवस आधी बंद करायची ते तेच ठरवतील.

मग मल्टिव्हिटॅमिन घेतलेलं बरं ना, अपाय तर नाही?

अपाय होऊ शकतो. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम गरजेपेक्षा जास्त झालं तर त्यामुळेच केस गळतात. केसांची गोळी, त्वचेची गोळी आणि वर मल्टिव्हिटॅमिन असं एकत्र घेताना तेच घटक दुप्पट-तिप्पट होतात. तिन्ही डब्यांवरची लेबलं शेजारी ठेवून एकदा वाचा.

वजन कमी करायचंय, पण केस जाण्याची भीती वाटते.

भीती रास्त आहे. झपाट्यानं उतरणारं वजन हे केस गळण्याचं ओळखीचं कारण आहे, मग ते कडक आहारानं असो, औषधांनी किंवा शस्त्रक्रियेनं. आठवड्याला अर्धा ते एक किलो या बेतानं वजन उतरवा आणि खाणं कमी करताना प्रथिनांना हात लावू नका. भूक मंदावणारी औषधं चालू असतील तर ताटातला प्रथिनांचा पदार्थ आधी संपवा, बाकीचं नंतर.

रोज केस धुतल्यानं ते जास्त गळतात का?

नाही. धुताना हातात येणारे केस आधीच सुटलेले असतात, पाण्यानं फक्त बाहेर येतात. भीतीनं धुणं टाळलं की घाम, तेल आणि कोंडा साचतो आणि खाज सुटली की नखांनी नुकसान होतं. तेलकट डोकं रोज किंवा दिवसाआड धुवा, कोरडे किंवा कुरळे केस आठवड्यातून एक-दोनदा पुरे. शाम्पू डोक्याच्या त्वचेवर बोटांच्या पेरांनी चोळा, लांबीवर तो फेसाबरोबर उतरतो तेवढा पुरतो. कंडिशनर मात्र लांबीला आणि टोकांना. शाम्पूतल्या सल्फेट या फेस आणणाऱ्या घटकामुळे मुळं मरतात हा समज खरा नाही, फक्त कोरड्या किंवा रंगवलेल्या केसांना सौम्य शाम्पू जास्त मानवतो.

तेल लावल्यानं केस उगवतात का?

नवे केस उगवत नाहीत, पण असलेले टिकायला मदत होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. त्यात धुण्यापूर्वी किंवा नंतर लावलेल्या खोबरेल तेलानंच केसातून निघून जाणारं प्रथिन कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. म्हणून धुण्याआधी तासभर लांबीला थोडं खोबरेल लावणं मला मनापासून योग्य वाटतं.

कोंडा असेल तर मुळाशी तेल नको. कोंड्याशी संबंध असलेली मॅलासेझिया ही बुरशी त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांवरच जगते. तिथे कीटोकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध असलेला शाम्पू लागतो, आणि तो लावल्याबरोबर न धुता तीन ते पाच मिनिटं ठेवावा लागतो. मालीश करायची तर हलक्या हातानं. जोरानं रगडल्यावर सुटलेले केस बाहेर येतात आणि बाकीच्यांचा गुंता होतो.

ओले केस विंचरावेत का?

पाण्यानं केसातले काही बंध तात्पुरते सैल होतात, केस फुगतो, जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. सरळ केस असतील तर ते निम्मे-अधिक वाळू द्या आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं आधी टोकं सोडवा, मग हळूहळू वर या. कुरळ्या केसांचं उलट आहे. ते कोरडे विंचरले तर जास्त तुटतात, म्हणून कंडिशनर लावलेलं असतानाच गुंता सोडवा. टॉवेलनं खसाखसा पुसू नका, दाबून पाणी टिपा.

घट्ट पोनीटेल किंवा अंबाड्यामुळे खरंच टक्कल पडतं?

पडतं. मुळं सतत ओढली गेली की कपाळाच्या कडेचे आणि कानशिलावरचे केस आधी जातात. सुरुवातीला बांधणं सैल केलं तर ते परत येतात. वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि मग कुठलाही आहार किंवा औषध तिथे केस उगवू शकत नाही. बांधल्यावर डोकं दुखत असेल, मुळाशी बारीक पुरळ येत असेल तर ते फार घट्ट आहे. लहान मुलींच्या वेण्या घालताना हे विशेष सांभाळा, कारण ओढतंय म्हणून त्या तक्रार करतात आणि आपण घाईत ऐकत नाही. कृत्रिम केस जोडून घेणाऱ्यांनाही हेच लागू.

ड्रायर पूर्ण बंद करू?

गरज नाही. सुमारे १५ सेंटीमीटर अंतरावरून, मध्यम उष्णतेवर, हात सतत हलता ठेवून वापरा. खरं नुकसान ओल्या केसांवर सरळ करण्याची तापलेली पट्टी फिरवल्यानं होतं. आतल्या पाण्याची वाफ होते, केसात बुडबुडे तयार होतात आणि तिथेच तो तुटतो.

डोकं तुळतुळीत केलं तर केस दाट येतात का?

नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ संशोधिकेनं १९२८ सालीच दाखवून दिलं की वस्तरा फिरवल्यानं केसांची जाडी किंवा वेग बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून नवी वाढ राठ आणि दाट भासते. टोकं कापून फाटे फुटलेला भाग जातो आणि केस नीटस दिसतात, तेवढाच त्याचा उपयोग.

कांद्याचा रस, रोझमेरीचं तेल यांत काही तथ्य आहे?

कांद्याच्या रसाचा जो छोटा अभ्यास नेहमी सांगितला जातो तो चाई पडलेल्या रुग्णांवरचा आहे. चाई हा वेगळा आजार आहे, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मुळांवर हल्ला करते आणि ती बऱ्याचदा आपोआपही बरी होते. विरळपणाला तो पुरावा लावता येत नाही. रोझमेरीबद्दल २०१५ सालचा १०० पुरुषांवरचा अभ्यास आहे. सहा महिन्यांनी ते दोन टक्के मिनॉक्सिडिलच्या (विरळपणावर डोक्याला लावायचं औषध) बरोबरीनं ठरलं, पण दोन्ही गटांतली वाढ माफकच होती. वापरायचंच असेल तर साध्या तेलात काही थेंब मिसळून आधी हातावर लावून बघा. न मिसळता लावलं तर त्वचा भाजल्यासारखी होते.

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर केस आणखी गळू लागले. बंद करू का?

घाईनं बंद करू नका. पहिल्या काही आठवड्यांत जुने केस सुटून नव्यांना जागा होते, त्यामुळे गळणं तात्पुरतं वाढतं. परिणाम कळायला चार ते सहा महिने नियमित लावावं लागतं आणि थांबवलं की मिळालेला फायदा काही महिन्यांत जातो. म्हणून सुरू करण्यापूर्वीच हे औषध दीर्घकाळ लावायची तयारी आहे का, ते ठरवा. गरोदरपणात आणि स्तनपान चालू असताना ते टाळतात. पुरुषांसाठी फिनास्टेराइडच्या गोळ्याही आहेत. त्यांचे दुष्परिणाम डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलून घ्या, आणि घरातल्या गरोदर स्त्रीनं फुटलेली गोळी हाताळू नये.

फरक पडतोय की नाही, कसं ओळखायचं?

रोज आरशात बघून कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचा भांग मधोमध पाडून फोटो काढा. पहिला आणि चौथा महिना शेजारी ठेवा. गळणं आधी कमी होतं, दाटपणा नंतर दिसतो. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशानं फरक पडला हे कळेल.

डॉक्टरांकडे कधी जावं?

काही लक्षणांत अजिबात थांबू नका: गोल चकत्यांनी केस जाणं, डोक्याच्या त्वचेवर आग, वेदना, पू किंवा जाड खपल्या, केस गेलेल्या जागेची त्वचा गुळगुळीत आणि चकचकीत होणं, भुवयाही विरळ होणं. यातल्या काही आजारांत मुळं कायमची नष्ट होतात, त्यामुळे उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. मुलांमध्ये केस जाणं हेही लगेच दाखवण्याचं कारण आहे, ते अनेकदा गजकर्णासारख्या बुरशीनं होतं आणि तेव्हा पोटातून औषध लागतं. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होऊन हनुवटीवर राठ केस आले तर पीसीओएसची (संप्रेरकं बिघडवणारा अंडाशयाचा विकार) तपासणी हवी.

बाकीच्यांनी, गळणं तीन-चार महिन्यांनंतरही ओसरत नसेल किंवा भांग रुंद होत असेल तर जावं. जाताना मागच्या सहा महिन्यांतले आजार, चालू औषधं, वजनातला बदल आणि घरातल्या दोन्ही बाजूंचा केसांचा इतिहास लिहून न्या. रक्ताची साधी तपासणी, फेरिटिन, थायरॉइड, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व एवढ्या चाचण्या बहुधा सांगितल्या जातात.

तोवर विरळपणा झाकला तर केसांना त्रास होईल का?

होणार नाही. भांगाची बाजू बदला, केस थोडे आखूड ठेवा. केसांच्या रंगाचे बारीक तंतू भुरभुरले तर त्वचा दिसत नाही आणि धुतल्यावर ते निघून जातात. ते मिनॉक्सिडिल पूर्ण वाळल्यावरच लावा. विग किंवा टोपही चालतो, फक्त तो घट्ट चिमट्यांनी किंवा गोंदानं उरलेल्या केसांना ओढणारा नसावा आणि रात्री काढून ठेवावा.